चार नंबरची वाट

नऊ एप्रिलला सकाळी साडेसात वाजता दुर्वास नन्नावरे खडकटोल्याच्या शाळेमागच्या हातपंपावर होता. सहा पाइप वर निघाले होते, सातवा साखळीला लटकत होता. तेवढ्यात वनखात्याच्या गेडाम गार्डची मोटारसायकल शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबली. गेडाम उतरला, पण जवळ आला नाही. तिथूनच म्हणाला, "दुर्वासभाऊ, चाल."

"कुठं?"

"चाल ना. काम सोड."

"सोडलं तं पाइप खाली जाईल ना गा. काय झालं ते सांग."

गेडामनं डोक्यावरची टोपी काढली. "वनितावहिनी मोहावर गेल्या होत्या ना, चार नंबरच्या वाटेनं. टोपली सापडली."

दुर्वासनं पाइपाला क्लॅम्प लावला. दोन्ही बोल्ट आवळले, साखळी सैल केली, पान्हा पिशवीत टाकला. याला तीन मिनिटं लागली. टोपली सापडली म्हटल्यावर माणूस कुठं आहे हे विचारायचं असतं, हे त्याला त्या तीन मिनिटांत सुचलं नाही. गाडीवर मागे बसल्यावर सुचलं. तेव्हा त्यानं विचारलं, आणि गेडामनं गाडीचा वेग वाढवला.

दुर्वासची बायको वनिता अकरा वाजता सापडली, नाल्याच्या काठी, त्यांच्या मोहाच्या झाडांपासून चारशे पावलांवर. वाघिणीनं तिला वाकलेली असताना मागून उचललं होतं. बरोबर गेलेली शेजारची मंगला गुरनुले वीस हातांवर फुलं वेचत होती. तिला फक्त पाचोळा वाजल्याचं ऐकू आलं होतं.

त्यांच्या पळसगुडा गावातला प्रत्येक माणूस त्या दिवशी आपापला मोबाइल काढून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. हिरव्या रंगावर मोठी पांढरी अक्षरं: "आज ९ एप्रिल. चार नंबरची वाट मोकळी आहे."

ते पान वनितानंच बनवलेलं होतं.

ती ग्रामपंचायतीची संगणक परिचालक होती. दाखले काढणं, अर्ज भरणं ही तिची नेमणुकीची कामं. वाटांचं पान तिनं अंगावर ओढून घेतलेलं काम होतं. चार वर्षांपूर्वी वनखात्यानं जंगलाच्या आठ वाटांवर आठ डबे बसवले. डबा म्हणजे पाण्याच्या कॅनएवढी पेटी आणि तिला वाटीएवढं तोंड. रात्रभर तो त्या तोंडानं हवा ओढत राही. वाघ असो, माणूस असो, चालता-बोलताना त्याच्या अंगावरून कातडीचे कण झडतात, श्वासातून थेंब उडतात. त्या कणांत त्याचा डीएनए असतो. डोळ्याला न दिसणारी ही धूळ काही तास हवेत तरंगते. ऊन पडलं की उन्हानंच तिची मोडतोड होते. म्हणून पहाटे सापडलेली खूण ही त्याच रात्रीची समजायची, चार दिवसांपूर्वीची नाही. डबा आतल्या जाळीवर ती धूळ धरी, तपासून वाघाची खूण किती दाट आहे ते पाही आणि पहाटे चार वाजता एक आकडा बिनतारी पंचायतीकडे पाठवून देई.

आणखी एक गोष्ट डबा करत असे. वाघ शोधण्याआधी तो जाळीवर पळसाचे, मोहाचे, किड्यामुंग्यांचे कण आहेत का ते बघे. जंगलातल्या हवेत ते असायलाच पाहिजेत. तेही नसले, तर आपल्यात हवाच शिरली नाही असं समजून तो गप्प राही. शून्य सांगत नसे, काहीच सांगत नसे.

पुढचं काम वनिताच्या साच्याचं. पळसगुड्यात टॉवरचा पत्ता नव्हता, त्यामुळे क्षणाक्षणाला बदलणारी वेबसाइट इथं कोणाच्या उपयोगाची नव्हती. तिनं सगळ्यात साधी पद्धत धरली. एक साचा, म्हणजे टेम्प्लेट, तयार ठेवायचा. पहाटे साडेचारला पंचायतीतला संगणक आलेले आकडे त्या साच्यात ओतून आठ वाटांची आठ पानं बनवून टाकी. याला ती "बिल्ड मारणे" म्हणायची. एकदा बनलं की पान दिवसभर तेच. न हलणारं, चार ओळींचं, इतकं हलकं की पंचायतीच्या छतावरच्या लहानशा रेडिओवरून ते जुन्यातल्या जुन्या मोबाइलमध्येही उतरे. खूण असली तर लाल, नसली तर हिरवं. हिरवं असलं की गेडाम गार्ड त्या वाटेचं फाटक उघडी.

दुर्वासला हे सगळं वरवर माहीत होतं. तो पंचायत समितीचा हातपंप दुरुस्तीवाला. घरी दोघं जेवायला बसली की ती डब्यांचं सांगायची आणि तो पंपाच्या वायसरचं.

तेरवी झाली. मुलगी समीक्षा नागपूरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, तिची परीक्षा होती, ती गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, "बाबा, पान हिरवं कसं होतं हो?"

"पाहतो," दुर्वास म्हणाला.

वनिता गेली त्या दिवसापासून त्याला बसवत नव्हतं. खाटेवर बसला की उठायचा. चहा ठेवायचा आणि तो उकळेपर्यंत अंगणात सात चकरा मारायचा. घरातले नळ, कड्या, सायकलची चेन, जे जे सैल होतं ते सगळं त्यानं आवळून टाकलं. मग शेजाऱ्यांचं आवळलं.

बावीस तारखेला गेडाम येऊन सांगून गेला, "परवापासून चार नंबर उघडणार आहे. तेंदूपत्ता तोडायचा आहे, बाया थांबायला तयार नाहीत. आणि पंचवीसला चौकशीवाले साहेब येतात."

"वाघीण?"

"पिंजरा लावला आहे. येत नाही."

"आणि डबा? डबा बिघडला होता का?"

"नाही ना. डबा चांगला आहे, तपासला. त्या रात्री त्यानं आकडाच नाही पाठवला."

"आकडा नाही पाठवला, तं पान हिरवं कसं?"

गेडामनं खांदे उडवले. "ते पान आमच्या खात्याचं नाही, भाऊ. ते वहिनीचं होतं."

पान अजूनही रोज निघत होतं. साडेचारला, कोणी न सांगता. परवा पहाटेही निघणार होतं आणि पन्नास बाया ते वाचून आत जाणार होत्या. पंचायतीची एक किल्ली वनिताच्या पर्समध्ये होती. दुर्वासनं ती घेतली.

दुपारचे तीन वाजले होते. पंचायतीत पंखा आणि ग्रामसेवकाची रिकामी खुर्ची, एवढंच होतं. त्यानं तालुक्याच्या समन्वयक मोहुर्ले मॅडमना पंचायतीच्या फोनवरून फोन लावला. वनिता त्यांच्याशी आठवड्यातून दोनदा बोलायची.

"काका," त्या म्हणाल्या, "मी यायला पाहिजे होतं."

"ते जाऊ द्या. साचा कुठं ठेवते ती, तेवढं सांगा."

मॅडमनी सांगितलं तशी त्यानं एक फाइल उघडली. साच्यानं कसं वागायचं, याच्या सूचना त्या फाइलमध्ये होत्या. चाळीस-पंचेचाळीस ओळी. प्रत्येक सूचनेसमोर वनितानं कारण लिहून ठेवलं होतं. घरातही ती डब्यांवर चिठ्ठ्या लावायची, मीठ कधीचं, तिखट कुणाकडचं. इथंही तेच.

"रंग: पिवळा नको. उन्हात दिसत नाही, शेवंताबाई म्हणते."

"अक्षर: मोठं. पत्रुजी आजा चष्मा लावत नाही."

"फोटो: नाही. पान जड होते."

दुर्वास वाचता वाचता एकदा हसला. घरात तेरा-चौदा दिवसांत कोणी हसलं नव्हतं. मग तो पुढच्या ओळीवर आला.

"आकडा नसेल तर: मागचा आकडा घे. दु. म्हणाले. 'माहिती नाही' दिसलं की लोक पानावरचा विश्वास सोडतात."

दु. म्हणजे तो. वनिता त्याचं नाव घेत नसे आणि लिहीतही नसे.

त्याला ते जेवण आठवलं. दोन वर्षं झाली असतील. अंबाडीची भाजी होती. ती म्हणाली होती, डब्यांची बॅटरी उतरते, मग पान कोरं निघते, बाया मला शिव्या देतात. आणि त्यानं घास न थांबवता म्हटलं होतं, "मग कालचं दाखव ना वो. वाघ का रोज घर बदलते?" ती म्हणाली होती, "असं चालेल?" तो म्हणाला होता, "काऊन नाही चालणार?" बस, एवढंच. नंतर त्यानं दुसऱ्यांदा भाजी मागितली होती.

तो उठला, बाहेर गेला, पंचायतीच्या हातपंपाचा दांडा धरून उगाच वीस वेळा हापसला. पाणी नालीत वाहून गेलं. मग परत आत आला, कारण पहिला प्रश्न सुटला असला तरी दुसरा तसाच होता. डबा चांगला होता, तर गप्प का बसला?

संगणकात आकड्यांची यादी होती. त्यानं चार नंबरची वेगळी काढून कागदावर उतरवली. या मोहाच्या हंगामात चार नंबर अकरा रात्री गप्प होता. अकराही वेळा आदल्या दिवशीचं पान हिरवं होतं. लाल दिवसाच्या रात्री तो एकदाही गप्प बसला नव्हता.

तीस वर्षं दुर्वासनं पंप दुरुस्त केले होते. यंत्र बिघडतं, पण असं मुहूर्त पाहून बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढल्यावर तो गेडामला घेऊन चार नंबरच्या डब्यापाशी गेला. डबा ऐनाच्या खोडाला छातीच्या उंचीवर पट्ट्यांनी बांधलेला होता. दुर्वासनं पट्टी पाहिली, वायर पाहिली, तोंडात बोट घालून जाळी पाहिली. सगळं ठाक. मग त्यानं खाली पाहिलं. पाचोळ्यात पळसाच्या पानांचे द्रोण पडले होते, बांबूच्या काडीनं टाचलेले. काही पार चुरगळलेले, काही अजून आकार धरून असलेले. त्यानं एक उचलून डब्याच्या तोंडावर धरला. झाकणासारखा बसला.

गेडामनं दुसरीकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"बाया इथं बसून भाकर खातात, असं वाटलं होतं मले."

"डब्याच्या तोंडाखालीच बसून?"

दुर्वासनं द्रोण मोजले. नऊ सापडले. ते त्यानं पिशवीत भरले.

मंगला अंगणात तेंदूपत्त्याच्या पुड्यांसाठी दोऱ्या वळत होती. त्यानं पिशवी तिच्यापुढे उलटी केली. ती दोरी वळायची थांबली.

"बसा भाऊजी."

"बसवत नाही, वहिनी. सांगा."

"काय सांगू?" तिनं एक द्रोण उचलला, काडी पाहिली. "हा माझाच आहे. मी काडी आडवी टोचते."

मग तिनं सांगितलं. रडत नव्हती, भराभर बोलत होती, कधीपासून तोंडाशी आलेलं असावं तसं. लाल पान निघालं की फाटक बंद. मोहाची फुलं पहाटे गळतात, दोन तासांत हरणं, गाईगुरं साफ करून टाकतात. वर्षाचे वीसच दिवस. त्यातले दहा लाल गेले तर काय करायचं? म्हणून हिरवं पान निघालं की त्या संध्याकाळी एक बाई जाऊन डब्यावर द्रोण ठेवून यायची. डबा गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. सकाळी जाताना द्रोण पाडून टाकायचा. बायांनी पाळी लावली होती, हातपंपावर पाणी भरायची लावतात तशीच.

"आणि वनिता?"

"तिले नाही सांगतलं. ती पंचायतीची ना. तिनं ऐकलं नसतं."

"आठ तारखेला पाळी कोणाची होती?"

मंगलानं हातातला द्रोण खाली ठेवला. "माझी."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. दुर्वास एका जागी उभा राहून डावा-उजवा पाय बदलत राहिला.

"मी तिच्यासोबतच गेली ना, भाऊजी. मले माहीत असतं तं मी गेली असती का? पान हिरवं होतं. मी बी वाचलं. आपणच हिरवं ठेवलं हे माहीत असून बी वाचल्यावर खरं वाटते हो. कशी गोष्ट आहे पाहा."

"आकडा नाही आला तं कालचं पान येते, हे तुम्हाला कोणी सांगतलं? वनितानं?"

मंगला त्याच्याकडे पाहत राहिली. "तुम्हाला आठवत नाही?"

"काय?"

"तुम्हीच तं सांगतलं होतं. शाळेजवळची बोरिंग दुरुस्त करत होते, आम्ही घागरी घेऊन उभ्या होतो. शेवंताबाई म्हणे, तुमच्या बायकोचा डबा मेला की आमचा दिवस जाते. तुम्ही म्हणले, आता नाही जात, मी तिले युक्ती सांगतली, डबा मेला तरी कालचं पान येते. हसत होते तुम्ही. आम्ही बी हसलो."

दुर्वासला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं, पण आपण असं बोललो असणार यात त्याला जराही शंका वाटली नाही.

"उद्या फाटक उघडते," तो म्हणाला. "मी ती ओळ बदलतो. आकडा नाही, तं वाट बंद."

"आणि डबे? आठातले दोन-तीन नेहमी मेलेले राहतात. बॅटरी उतरली म्हणून आम्ही घरी बसायचं? मग पानतोड कोण करेल, तुमचा साचा?"

"डबे मी पाहीन."

"तुम्ही पंपवाले."

"मोटर आहे, जाळी आहे, वायसर आहे. पंपच आहे तो. पाण्याच्या जागी हवा."

"पाहा बापा," मंगला म्हणाली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

तो तडक पंचायतीत गेला. ओळ बदलणं सोपं असेल असं त्याला वाटलं होतं. ते सोपं नव्हतं. साच्याला दोनच रंग माहीत होते. तिसरं काही सांगायचं तर तिसरं पान बनवावं लागणार होतं. शिवाय वरची तारीख ही पान बनल्याची होती, आकडा आल्याची नाही. पान रोजच बनायचं, म्हणून कालच्या आकड्यावरही रोज "आज" लिहून यायचं. हेही वेगळं करायला हवं होतं. मोहुर्ले मॅडम फोनवर सांगत गेल्या, तो एकेका बोटानं टाइप करत गेला. रंग त्यानं काळा घेतला. मजकूर काय लिहू, असं त्यानं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, तुम्हीच लिहा. खराब पाण्याच्या पंपांवर तो लाल रंगानं सूचना रंगवायचा, तसंच त्यानं लिहिलं: "रात्रीचा आकडा आला नाही. वाघ आहे की नाही, माहीत नाही. जाऊ नका."

मग बिल्ड मारली. संगणकानं लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी सांगून काम नाकारलं.

"काका, ओळीच्या आधी मोकळी जागा कशी सोडली? टॅबचं बटण दाबलं का?"

"लांब जागा सुटते ना त्यानं. एकदाच दाबलं की होते."

"तेच चालत नाही त्याला. मोठं आडवं बटण दोनदा दाबा."

"दिसायला तं सारखंच आहे."

"आपल्याला. त्याला नाही."

"म्हणजे आटे वेगळे," दुर्वास म्हणाला. एका मापाचा दिसणारा बोल्ट दुसऱ्या आट्यात बसत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्यानं टॅब काढले, स्पेस दिल्या. चौथ्या वेळी बिल्ड झाली. चारशे सोळा पानं बनली, असं पडद्यावर आलं.

"चारशे? आजची तं आठच पाहिजेत."

"जुनीही सगळी नव्यानं बनतात, काका. या हंगामाचे आकडे साठवलेले आहेत ना, बिल्ड मारली की तो पहिल्यापासून सगळी पानं नव्या साच्यातून काढतो. बरं, झालं ना काम? मी मीटिंगला जाते."

फोन ठेवल्यावर दुर्वासनं जुन्या पानांची यादी उघडली. कशासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. नऊ एप्रिल, वाट चार. त्यानं बटण दाबलं.

काळं पान उघडलं. "९ एप्रिल. रात्रीचा आकडा आला नाही. वाघ आहे की नाही, माहीत नाही. जाऊ नका."

तो वाचत राहिला. हिरवं पान कुठंच नव्हतं. संगणकाच्या हिशेबी ते कधी निघालंच नव्हतं. त्या सकाळी पानानं स्पष्ट सांगितलं होतं, जाऊ नका, आणि वनिता तरी गेली होती.

दारात सावली पडली. मंगला आली होती, उद्याचं काय ठरलं ते विचारायला. तिनं चपला बाहेर काढल्या, जवळ येऊन पडदा वाचला, पुन्हा वाचला.

"हे कसं झालं?"

त्यानं सांगितलं.

"म्हणजे साहेब आले की हे पाहतील?"

"हो."

"मोबाइलमधली पानं तं आठ दिवसांत पुसून जातात." ती हळू बोलू लागली होती, बाहेर कोणी नसताना. "भाऊजी, राहू द्या ना मग असंच. द्रोणाचं कोणी विचारणार नाही. तुम्हाला कोणी विचारणार नाही. वनिता तं गेली. तिले आता काय फरक पडते?"

दुर्वासला ते ऐकून राग आला नाही. तो स्वतः तेच ऐकत होता, ती यायच्या आधीपासून. काही करायचंच नव्हतं. फक्त संगणक बंद करायचा आणि घरी जायचं. समीक्षाही हे पान पाहील. म्हणेल, आईनं वाचलं नसेल, घाईत असेल. थोडे दिवस आईवर रागावेल. राग उतरतो.

तो उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला.

"ती पान वाचल्याशिवाय कधी उंबऱ्याच्या बाहेर पडली नाही," तो म्हणाला. "लग्नाले जायचं असलं तरी वाचायची. मी हसायचो तिले."

"मले माहीत आहे ते."

"मग ती न वाचता गेली, असं लिहून ठेवू का मी?"

मंगला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "तुमचं नाव येईल."

"येईल."

"माझं बी."

"तुमचं तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

"हे बरं आहे," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून पायरीवर बसली. ती गेली नाही.

मीटिंग संपल्यावर मोहुर्ले मॅडमचा फोन आला. त्यानं विचारलं, जुनी पानं जशी होती तशी पुन्हा निघतील का? निघतील, त्या म्हणाल्या, आकडे तेच आहेत. साच्यात तारीख घालायची. तेवीस एप्रिलपर्यंत जुना नियम, चोवीसपासून नवा. ज्या दिवशी जो साचा होता, तो त्या दिवसाला. "पण काका," त्या थांबून म्हणाल्या, "जुना नियम तसाच दिसत राहील फाइलमध्ये. त्याच्या समोरची टीप पाहिली ना तुम्ही?"

"पाहिली."

"ती काढता येते. टिपेनं पानाला फरक पडत नाही."

"राहू द्या. तिनं लिहिलं आहे."

त्यानं तारीख घातली, या वेळी स्पेस मोजून. बिल्ड मारली. नऊ एप्रिल उघडलं. हिरवं. "चार नंबरची वाट मोकळी आहे." तेच पान परत आणायला तो एवढा धडपडला होता, आणि आता ते दोन क्षणही बघवेना. त्यानं पडदा बंद केला.

"झालं?" मंगलानं बाहेरून विचारलं.

"झालं."

"उद्या कोणी डबा झाकणार नाही. झाकून काय फायदा, आता वाटच बंद होते. मी सगळ्यांना सांगते."

चोवीसच्या पहाटे चार नंबरचा आकडा आला. पान लाल निघालं. फाटकापाशी जमलेल्या बायांनी दुर्वासच्या नावानं बरंच काही म्हटलं आणि त्या दोन नंबरच्या वाटेला लागल्या, ती हिरवी होती. सहा आणि सात काळी होती. शेवंताबाई जाता जाता म्हणाली, "काय जी पंपवाले, तुमच्या बायकोनं दोन रंगांत भागवलं, तुम्हाला तीन लागले?" कोणी हसलं नाही. शेवंताबाईलाही ते बोलून गेल्यावर कळलं.

दुर्वास सात नंबरच्या डब्याकडे गेडामला घेऊन गेला. बॅटरीच्या टोकांवर हिरवट गंज चढला होता. घासून काढला, डबा चालू झाला. सहा नंबरची मोटर जळाली होती.

पंचवीसला साहेब आले. त्यांनी पंखा आपल्याकडे वळवून घेतला, नऊ एप्रिलचं पान पाहिलं, मग दुर्वासनं उघडून दाखवलेली फाइल पाहिली. एकेक ओळ वाचत ते हळूहळू खाली येत गेले. पत्रुजी आजाच्या चष्म्याशी थोडे हसले. पुढच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे 'दु.' कोण?"

"मी."

साहेबांनी मान वर केली. "तुम्ही या कामावर नेमलेले होते?"

"नाही जी. मी नवरा."

त्यांनी लिहून घेतलं. ते लिहीत असताना मंगला आत आली. हातात द्रोण होता, नवा, हिरव्यागार पानांचा. डब्यावर कसा बसतो ते दाखवायला तिनं मुद्दाम करून आणला होता.

साहेबांची गाडी गेल्यावर दुर्वासनं त्यांच्यासाठी आणलेल्या खुर्च्या आत ठेवल्या, किल्ली लावली. फाइलमध्ये नव्या नियमासमोर कारण लिहायची जागा त्यानं रिकामीच सोडली होती. सहा नंबरच्या डब्याला मोटर मिळालेली नाही, ती वाट बंद आहे. समीक्षाचे पंचायतीच्या फोनवर दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा त्यानं परीक्षेचं विचारलं. पान हिरवं कसं होतं, ते तिला अजून सांगितलेलं नाही.